सज्जनाच्या तोंडी शिवी : इंदुरी नवशिक्यांसाठी

तुम्ही इंदुरात राहता, लाडक्या पात्रांवर गुपचूप स्वतःच्या गोष्टी लिहिता आणि आता अडला आहात. नायक सभ्य. खलनायकाने त्याला कोंडलंय. अशा वेळी तो शिवी देईल का? देईल की! फक्त पुढच्या पायऱ्या पाळा.

1. पात्र घरचं निवडा. फास्टर फेणेच घ्या. त्याचे जनक भा. रा. भागवत 1910 साली इंदूरलाच जन्मले, म्हणजे थोडा हक्क गावकीचाही. फुरसुंगीच्या या बनेश फेणेचं आख्खं बालपण तोंडाने काढलेल्या एका ‘ट्टॉक्’वर भागलं. तुमचं भागणार नाही. तुम्ही वास्तववादी आहात.

2. वय वाढवा. शाळकरी पोराच्या तोंडी शिवी घातलीत, तर वाचक तुम्हाला घालतील. 2017च्या चित्रपटातला अमेय वाघचा फेणे मोठा झालेला आहे. त्याचा दाखला द्या. पण त्या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांच्या रूपात खुद्द भागवतही आहेत. त्यांना तुमच्या कथेत बोलावू नका. आजोबा समोर बसले की जीभ रेटत नाही.

3. वर्गीकरण करा. 2017पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहराला हे शिकवायला नको. ‘गाढवा’, ‘मेल्या’ हा सुका कचरा; टिकतो, पुन्हा वापरता येतो. आई-बहिणीपर्यंत जाणारा तो ओला. तो घरात ठेवू नका, वास सुटतो.

4. भाषा ठरवा. इंदुरी मराठी माणसाला शिवी हिंदीत सुचते आणि पश्चात्ताप मराठीत होतो. त्यात गैर काही नाही. पण पुण्याच्या शाळेत शिकलेला फेणे ‘अबे भिया’ म्हणाला, की त्याने सकाळी पोहे-जिलबी खाल्ल्याचं उघड होतं. ‘च्यायला’ वापरा. पुण्यात ते विरामचिन्हात धरतात.

5. सबब तयार ठेवा. ताप, भूल, किंवा डोक्यावर फटका. चाहत्यांच्या कथांमध्ये सभ्य माणसं शिवी देण्याआधी हमखास कुठेतरी आपटतात. शुद्धीवरच्या माणसाकडून ते वदवणं तुम्हालाही जड जात असेल, तर हरकत नाही, जोरात आपटा.

6. गाजवायचं असेल, तर पूर्वतयारी करा. 1973 साली इंदुरात जन्मलेला राहुल द्रविड बघा. 2021च्या एका जाहिरातीत तो बेंगळुरूच्या वाहतूक कोंडीत खवळला, बॅटने गाडीचा आरसा फोडला, आपण इंदिरानगरचे गुंड असल्याचं ओरडून सांगितलं आणि देश हसून लोळला. युक्ती सोपी आहे : आधी कसोटीत 31,258 चेंडू निमूट खेळायचे, मग एकदाच ओरडायचं. तुमचा नायक दुसऱ्याच पानावर सुटतो. घाई असते, समजू शकतो.

7. शेवटी चाचणी घ्या. शिवी खोडून तिथे ‘ट्टॉक्’ लिहा आणि मोठ्याने वाचा. प्रसंग जास्तच रंगला? वाईट वाटून घेऊ नका. मग पात्राचं नाव बदला, गाव बदला, स्वभाव तर तुम्ही आधीच बदललाय. आता तो संपूर्ण तुमचा. त्याच्या तोंडी हव्या तेवढ्या शिव्या घाला. कुणी जाब विचारायला येणार नाही. वाचायलाही नाही.