आधीपासून ऐकणारा

एखादं रॅप गाणं तुम्हाला आवडलं आणि तुम्ही ते चारचौघांत बोलून दाखवलंत, की कोपऱ्यातून एक सुस्कारा ऐकू येतो. सुस्कारा टाकणारा पंचविशीचा असतो, डोंबिवलीच्या मे महिन्यात हूडी घालून बसलेला असतो आणि अतिशय दुःखाने म्हणतो, "हो, चांगला होता. आधी."

हा आधीपासून ऐकणारा. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर यातला एक अस्सल नमुना राहतो. ठाण्याला आयटी कंपनीत नोकरी, पगार बरा, घरी आईच्या हातचं गरम जेवण. बोलणं मात्र कुर्ल्याच्या गल्लीत लहानाचा मोठा झाल्यासारखं. आमटी बिघडली तर "आई, फ्लो आहे, पण पंच नाही" असा अभिप्राय देतो. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून दोन सभासद एकमेकांची आईबहीण काढत होते, तेव्हा याने मध्ये न पडता मान डोलवत शेवटपर्यंत ऐकलं आणि निकाल दिला, "दुसऱ्या काकांचे बार्स हार्ड होते."

त्याच्या कालगणनेत दोनच युगं आहेत: पिक्चरच्या आधी आणि पिक्चरच्या नंतर. पिक्चर म्हणजे झोया अख्तरचा 'गली बॉय'. डिवाइन आणि नेझी या मुंबईच्या दोन रॅपरांच्या आयुष्यावरून सुचलेला हा सिनेमा १४ फेब्रुवारी २०१९ ला लागला. बाकीचे जोडीजोडीने बघायला गेले. आमच्या पोराचा त्याच दिवशी प्रेमभंग झाला. इतकी वर्षं जपून ठेवलेलं गुपित रणवीर सिंगने सगळ्या देशाला सांगून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात ज्याला त्याला त्यातल्या गाण्यातला 'अपना टाइम' आलेला पाहून याने दांडीच मारली.

"काका, मी नेझीचं 'आफत' आलं तेव्हापासून ऐकतोय," तो मला सांगतो. "२०१४. कुर्ल्याचा पोरगा. आयपॅडवर रेकॉर्ड केलं, आयपॅडवरच शूट केलं. ना स्टुडिओ, ना लेबल!"

माहिती बिनचूक आहे. अडचण एवढीच, की त्याची आई तेव्हा स्वयंपाकघरात असते आणि ती सत्यवचनी आहे. "काहीतरीच काय! तू तेव्हा सातवी-आठवीत. त्या वर्षी गॅदरिंगला 'लुंगी डान्स'वर नाचला होतास. लुंगी मी शिवली होती." 'लुंगी डान्स' हनी सिंगचं. आधीपासून ऐकणाऱ्यासमोर हनी सिंगचं नाव काढणं म्हणजे कीर्तनकाराच्या शाळकरी वयातल्या विड्या काढण्यासारखं. त्या दिवशी तो जेवायला बसला नाही.

गाण्याची प्रत मोजायचं त्याचं एक यंत्र आहे. दहा हजारांच्या आत व्ह्यूज असतील तर गाणं 'रॉ'. लाखावर गेलं की 'भाई बदलतोय'. दहा लाख झाले की 'सेलआउट'. गाणं तेच, शब्द तेच, बीट तोच. गाणाऱ्याने एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नसतं. तरी हा रात्री दहाला ऐकतो तेव्हा उत्तम असलेलं गाणं सकाळी उठेपर्यंत भिकार झालेलं असतं, कारण मधल्या वेळात ते लोकांनी ऐकलेलं असतं.

मी एकदा त्याला सहज विचारलं, "अरे, तुमचं ते 'मेरे गली में' तरी कुठलं अंडरग्राउंड? २०१५ साली सोनीनेच काढलं ना?"

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "काका, सोनी तेव्हा वेगळी होती."

एमसी स्टॅनवर त्याचा भारी जीव होता. पुण्याच्या ताडीवाला रोडचा पोरगा, वस्तीतलं जगणं वस्तीच्या भाषेत मांडणारा. हा त्याच्यासाठी मित्रांशी भांडला, एका मैत्रिणीशी तर कायमचा. २०२३ मध्ये स्टॅन 'बिग बॉस' जिंकला आणि याने प्लेलिस्ट पुसून टाकली. सगळ्यांना कारण 'बिग बॉस'च सांगतो. खरं कारण त्याची आजी. शेवटच्या भागाला तिने चष्मा पुसून टीव्हीसमोर बैठक मारली आणि म्हणाली, "तो साखळ्यावाला पोरगा जिंकू दे हो. गुणी आहे." ज्या रॅपरला आजी गुणी म्हणते, त्याच्यात उरतं काय?

परदेशातल्यांत त्याचा देव एमएफ डूम. खोलीत त्याच्या धातूच्या मुखवट्याचं पोस्टर आहे. नव्वदच्या दशकात कंपनीने काढून टाकलेला हा माणूस पुढे मुखवटा चढवून परत आला. नंतर नंतर तर काही कार्यक्रमांना स्वतः न जाता भलत्यालाच मुखवटा घालून स्टेजवर पाठवू लागला. लोक भडकले. आमच्या पोराच्या मते हीच खरी कला, आणि पैसे परत मागणारे ते सगळे मेनस्ट्रीम. याच पोराने पिझ्झा दहा मिनिटं उशिरा आला म्हणून कस्टमर केअरला तीन फोन केले होते.

"ब्रॉंक्समध्ये बघा काका, पैशाचा संबंध नव्हता," असं तो म्हणाला, तेव्हा मात्र मला राहवेना. हिपहॉपचा जन्म ज्या पार्टीत झाला असं मानतात, ती ११ ऑगस्ट १९७३ ची. जागा: १५२०, सेजविक अव्हेन्यू, ब्रॉंक्स, न्यूयॉर्क. तबकड्या लावायला कूल हर्क. पार्टी ठेवली होती त्याच्या बहिणीने, सिंडीने, कारण शाळा उघडायच्या आधी तिला नवे कपडे घ्यायचे होते आणि हातात पैसे नव्हते. दाराशी तिकीट होतं: मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. म्हणजे बाळ जन्मलं तेच गल्ल्यावर बसून.

"पन्नास सेंट म्हणजे रॉच ना," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

मग त्याने माझ्यावर डाव उलटवला. रॅपचं पहिलं गाजलेलं गाणं १९७९ चं 'रॅपर्स डिलाइट'. ब्रॉंक्सच्या गल्ल्यांत वर्षानुवर्षं घसा फोडणाऱ्यांपैकी त्यात कुणी नव्हतं. सिल्व्हिया रॉबिन्सन या निर्मातीने न्यू जर्सीत तीन पोरं गोळा केली. त्यांतला एक पिझ्झाच्या दुकानात कामाला होता, आणि त्याने ग्रँडमास्टर कॅझच्या ओळी उचलल्या. गाणं जगभर वाजलं. कॅझला दमडी मिळाली नाही. "आता बोला," तो म्हणाला. मी काय बोलणार? पहिल्याच हिटमध्ये एकाचे शब्द आणि दुसऱ्याचा गल्ला असेल, तर पोराचा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही.

आणखी एक श्रेय त्याला द्यायला हवं. स्वदेसी या मुंबईच्या गटाचं 'वारली रिव्होल्ट' मी त्याच्यामुळे ऐकलं. २०१९ चं गाणं. आरेच्या जंगलाबद्दल, तिथल्या आदिवासींबद्दल, आणि सोबतीला आरेतलेच प्रकाश भोईर. गाडी, साखळी, पोरगी यांतलं काही नाही. झाडं तोडू नका असं सांगणारं गाणं दिवाळीच्या सेलच्या जाहिरातीला लावता येत नाही, त्यामुळे ते कुणी बनवायला सांगतही नाही. ते ज्याला म्हणावंसं वाटतं तोच म्हणतो. हे ऐकताना पोराने पहिल्यांदा मान डोलवायची थांबवली आणि नुसतं ऐकलं.

पण मीही हट्टी. म्हटलं, "केंड्रिक लमारला २०१८ साली पुलित्झर मिळालं. तो तर मोठ्या कंपनीचा, जगभर खपणारा. तरी दर्जा?" यावर उत्तर तयार होतं: "त्याचं सुरुवातीचं ऐका."

हा रोग घराण्यात आहे, हे मला पुढे कळलं. त्याचे आजोबा साठच्या दशकातले अनियतकालिकवाले. १९६९ मध्ये 'सत्यकथा' मासिकाचा अंक जाळला गेला, तेव्हा आपण अगदी काडीपेटीच्या अंतरावर होतो, असं ते सांगतात. सायक्लोस्टाइल केलेल्या अंकांची एक ट्रंक त्यांच्या पलंगाखाली आहे. ती कुणाला उघडू देत नाहीत, कारण लोक वाचतील. नेमाड्यांचं नाव काढलं की म्हणतात, "'कोसला'पर्यंत ठीक. नंतर ज्ञानपीठ वगैरे." पुस्तक दुसऱ्या आवृत्तीत गेलं की त्यांच्या मते लेखक घसरला. आजोबा-नातवाचं राजकारणापासून पंख्याच्या वेगापर्यंत कशावर म्हणून जमत नाही. पण नातू त्यांची ओळख मित्रांना "आमचे ओजी", म्हणजे मूळ पुरुष, अशीच करून देतो.

परवा तो मला कल्याणला एका सायफरला, म्हणजे रॅपच्या उघड्यावरच्या मैफलीला, घेऊन गेला. बागेच्या कोपऱ्यात पंधरा-वीस पोरं गोल करून उभी; मध्ये ब्लूटूथ स्पीकर, त्याची बॅटरी संपली की एक पोरगा तोंडाने बीट धरायचा. ज्याची पाळी तो एक पाऊल आत यायचा. एक किडकिडीत पोरगा जेवण पोचवायची भलीमोठी पिशवी पाठीवरून न उतरवताच आत आला आणि लिफ्ट वापरू न देणाऱ्या सोसायट्यांवर असा सुटला, की आमची सोसायटी आठवून मी नजर खाली घातली. बाकीचे ओरडले, हात वर गेले. आमचा मात्र हाताची घडी घालून उभा. दाद द्यायची ती बीटच्या किंचित मागे मान हलवून, असा आधीपासून ऐकणाऱ्यांचा नेम असतो.

नंतर तो पोराला म्हणाला, "तुझं युट्यूबवरचंही ऐकलं. एकदम रॉ."

"थँक्यू दादा. शेअर केलं का?"

"छे! तुला जपलंय मी. कुणाला सांगितलेलं नाही."

पोरगा त्याच्याकडे बघत राहिला. "म्हणून चारशे व्ह्यूज आहेत होय! दादा, मला जपू नका. बाइकचा हप्ता आहे. शेअर करा."

परतीच्या लोकलमध्ये आमचा गप्प होता. मला त्याला बरंच सांगायचं होतं. गाणाऱ्याने चाळीतच राहावं म्हणणारा तू, स्वतःची दरवर्षीची पगारवाढ कधी सेलआउट धरत नाहीस, हेही सांगणार होतो. पण सांगितलं नाही. कारण आठवड्याच्या मधल्या वारी, ऑफिस करून, लोकलला लोंबकळत त्या बागेत पोचलेल्या वीस जणांत तो होता, आणि नव्या माणसाला पहिले वीस कान असेच मिळतात. पुढचे लाख मिळायला मात्र त्याची आजी लागते.

ती कामाला लागली आहे. नातवाच्या फोनवर तिने ते लिफ्टचं गाणं ऐकलं आणि "अगदी खरं बोलतोय हो मुलगा" म्हणून भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते बदलापूरच्या मंडळात गेलं, तिथून पुण्याच्या. व्ह्यूज वाढताहेत. आजी रोज सकाळी आकडा विचारते, आणि नातू तो दोन-तीन हजारांनी कमी करून सांगतो.