गोल गरगरीत छळ

निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेममधला गोलमटोल कर्बी 1992 साली गेम बॉयवर अवतरला. खरं पात्र ठरेपर्यंत जागा अडवायला म्हणून गेम डिझायनर मासाहिरो साकुराई यांनी हा गोळा काढला होता. पुढे तोच आवडला आणि कायम झाला. (प्रभारी माणसं आपल्याकडेही अशीच कायम होतात.) काढायला सोपा, त्याची बाहुली शिवायची म्हणजे मात्र निव्वळ छळ! कापडाच्या पाकळ्या कापा, जोडा, वळणावर शिवणीला कात्रीने बारीक चिरा द्या, उलटवा, कापूस कोंबा. एवढं करून एका बाजूला पोट सुटतंच. डोळा जरा तिरका बसला, की चेहरा थेट कर्जवसुलीवाल्याचा. वर गिऱ्हाईक म्हणतं, "बाहुलीच ना? दीडशेला द्या." तर मायबाप, हवं तर कापूस फुकट घ्या, पण मजुरी तेवढी द्या.