नव्या पार्टनरची बाराखडी

अभिनंदन. सीए झालात, फर्ममध्ये काही वर्षं पगारी असिस्टंट म्हणून काढलीत, दर सप्टेंबरात घरच्यांना रात्री अकरानंतरच तोंड दाखवलंत, आणि आता मोठ्या सरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलंय की एक एप्रिलपासून तुम्ही पार्टनर. ही पुस्तिका तुमच्यासाठी. अमुक तमुक अँड कंपनी या छापाच्या कोणत्याही मध्यम आकाराच्या फर्मला ती लागू पडते; मग ऑफिस लक्ष्मी रोडवर असो, नाशकात असो की डोंबिवली स्टेशनसमोर. नावातले अमुक आणि तमुक कोण, हे विचारू नका. एकाचा फोटो हॉलमध्ये हार घालून लावलेला आहे आणि दुसऱ्यांशी फर्मचं बोलणं नाही.

कायदा : एकदा वाचून ठेवणे

भारतीय भागीदारी कायदा १९३२चा आहे. कलम १२ सांगतं की प्रत्येक भागीदाराला कारभारात भाग घेण्याचा हक्क आहे, रोजच्या कामकाजात मतभेद झाले तर बहुमतानं निर्णय होतो, आणि फर्मच्या वह्या पाहण्याचा, त्यांची नक्कल घेण्याचाही प्रत्येकाला अधिकार आहे. कलम १३ म्हणतं, नफा सारखा वाटायचा. हे वाचून छाती फुगली असेल तर दोन्ही कलमांची सुरुवात पुन्हा वाचा. ‘भागीदारांमध्ये वेगळा करार नसेल तर’ असा तिचा अर्थ आहे. वेगळा करार असतो. करार करतात तो त्यासाठीच.

तुमच्या हाती येईल ते पार्टनरशिप डीड बहुधा मोठ्या सरांनी स्वतः लिहिलेलं असेल. सही करण्यापूर्वी वाचायला वेळ मागा. सर तो हसत देतील, म्हणजे दुपारच्या चहापर्यंत. ‘सर्व महत्त्वाच्या बाबींत प्रथम पक्षाचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य कुठे आहे ते शोधून ठेवा. महत्त्वाच्या बाबी कोणत्या, हे ठरवणं ही महत्त्वाची बाब आहे.

वह्या पाहण्याच्या हक्काबद्दल वेगळं सांगायला हवं. आयुष्य दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेलेला माणूस स्वतःच्या फर्मचं लेजर मागायला नव्या सुनेसारखा लाजतो, हे या धंद्यातलं मोठं आश्चर्य आहे. क्लायंटच्या साडेतीनशे रुपयांच्या व्हाउचरवर शेरा मारणारे तुम्ही, आपल्या फर्मची एकूण फी किती हे अंदाजानं सांगता. लाज वाटत असेल तर निदान वर्षअखेरीला स्वतःच्या कॅपिटल अकाउंटचा उतारा मागा. ‘देतो की’ असं उत्तर आलं तर जूनमध्ये पुन्हा मागा.

तक्ता आणि खरा तक्ता

‘मॅनेजिंग पार्टनर’ हे पद भागीदारी कायद्यात नाही. ते आलं सीए इन्स्टिट्यूटच्या एसक्यूसी १ या मानकातून, जे २००९पासून लागू झालं. फर्मच्या कामाच्या दर्जाची अंतिम जबाबदारी मुख्य अधिकाऱ्यानं किंवा मॅनेजिंग पार्टनरनं घ्यावी, असं ते म्हणतं. म्हणून फर्ममध्ये एक मॅन्युअल असतं. त्याच्या तिसऱ्या पानावर चौकटी आणि बाणांचा तक्ता असतो : वर मॅनेजिंग पार्टनर, खाली ऑडिट, टॅक्स आणि जीएसटीचे पार्टनर, मग मॅनेजर, मग आर्टिकल. पिअर रिव्ह्यूला कोणी येणार असलं की मॅन्युअल कपाटातून निघतं, मुखपृष्ठावरचं वर्ष बदलतं आणि परत जातं.

खरा तक्ता हवा असेल तर आठ दिवस गप्प बसून बघा, क्लायंटचा फोन कोणाच्या मोबाइलवर येतो. तो मोठ्या सरांच्याच मोबाइलवर येतो. फर्मचा क्लायंट असा काही प्रकार नसतो. क्लायंट सरांचा असतो, फाइल फर्मची असते आणि काम तुमचं असतं. तुम्ही रात्र जागून शेटजींच्या नोटिशीला उत्तर तयार कराल, ते कलमासह समजावून सांगाल, आणि शेटजी मान डोलावून म्हणतील, ‘‘तुमचं बरोबरच आहे हो. फक्त एकदा सरांच्या कानावर घाला.’’ रागावू नका. शेटजींचं दुकान फळीवर होतं तेव्हापासून सर त्यांच्याकडे जातात; दुकानाची वाटणी, धाकट्या भावाचं कर्ज, मुलीच्या लग्नातला खर्च, सगळं सरांना ठाऊक आहे. हे भांडवल डीडमध्ये लिहिलेलं नसतं आणि ट्रान्स्फरही होत नाही.

सरांच्या खालोखाल अधिकार कोणाचा, याचं उत्तर तुम्हाला वाटतं तसं दुसरे पार्टनर नाही. ते आहेत काका. काका सीए नाहीत, बी.कॉम. आहेत की नाहीत यावर दोन मतं आहेत. पण सगळ्या क्लायंटांच्या डिजिटल सहीची टोकनं त्यांच्या ड्रॉवरमध्ये, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवलेली असतात. पोर्टलचे पासवर्ड ज्या लांबट वहीत आहेत ती वही त्यांची. कोणत्या आर्टिकलनं कोणत्या ऑडिटला जायचं हे कागदोपत्री तुम्ही ठरवता. प्रत्यक्षात काका ‘तो मुलगा सोलापूरला नको, त्याला बसचा त्रास होतो’ म्हणतात आणि विषय मिटतो. पार्टनर झाल्याच्या दिवशी पेढा आधी काकांना द्या.

तुम्हाला पार्टनर का केलं

गुणवत्ता हे एक कारण आहे. बाकीची कारणं आकड्यांत आहेत. कंपनी कायद्याच्या कलम १४१प्रमाणे एका ऑडिटरला २० कंपन्यांचीच ऑडिट घेता येतात (छोट्या कंपन्या आणि काही खासगी कंपन्या त्यातून वगळल्या आहेत), आणि फर्मच्या बाबतीत हा हिशेब पार्टनरमागे होतो. टॅक्स ऑडिटवर इन्स्टिट्यूटची मर्यादा आहे पार्टनरमागे ६०. सरकारी कंपन्यांच्या ऑडिटसाठी कॅगकडे जी यादी असते, तिच्यात फर्मला गुण मिळतात ते पूर्णवेळ पार्टनर किती, त्यांतले फेलो किती, फर्म किती जुनी, अशा गोष्टींवर. म्हणजे एक एप्रिलला फर्ममध्ये तुम्ही येता आणि तुमच्या पाठोपाठ ६० टॅक्स ऑडिटही दारात येऊन उभी राहतात. सरांनी तुम्हाला मिठी मारली असेल तर ती किती जणांना होती हे लक्षात घ्या.

सही

ही जागा जरा गंभीरपणे वाचा. रिपोर्टवर फर्मचं नाव येतं, पश्चिम विभागातली फर्म असेल तर शेवटी ‘डब्ल्यू’ असलेला नोंदणी क्रमांक येतो, पण त्याखाली सही आणि सभासद क्रमांक एका माणसाचाच असतो. २०१९पासून प्रत्येक सहीला यूडीआयएनही लागतो, तो पोर्टलवर त्या सभासदाच्याच खात्यातून निघतो. मागून ‘मी कुठे सही केली होती’ म्हणायची सोय राहिलेली नाही.

पहिल्या वर्षी तुमच्याकडे सहीला कोणत्या फाइली येतात ते पाहा. ज्यांची फी दोन वर्षं थकली आहे त्या, ज्यांचा स्टॉक कोणी पाहिलेला नाही त्या, आणि ‘जरा बघून घे, माणूस चांगला आहे’ अशा शेऱ्याच्या. चांगल्या माणसाचा ताळेबंद दोनदा वाचा.

उलट बाजूही आहे. भागीदारी कायद्याच्या कलम २५प्रमाणे फर्मच्या प्रत्येक कृत्याला प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकट्यानंही जबाबदार असतो. नफ्यात पाच टक्के आणि जोखमीत शंभर, हा हिशेब कोणत्याही डीडमध्ये लिहिलेला नसतो, पण लागू असतो. २००९ साली सत्यमचा घोटाळा उघडा पडला तेव्हा प्राइस वॉटरहाउसच्या दोन पार्टनरांना अटक झाली. पुढे २०१८मध्ये सेबीनं लिस्टेड कंपन्यांच्या ऑडिटवर दोन वर्षांची बंदी घातली ती मात्र त्या नावाच्या साऱ्या जाळ्यावर. ती २०१९मध्ये अपिलात रद्द झाली, पण मधली दीड-पावणेदोन वर्षं ज्यांनी सत्यमचा कागदही पाहिला नव्हता त्यांनीही काढली. याच भीतीतून अनेक फर्मा एलएलपी झाल्या. २००८च्या त्या कायद्यात एका पार्टनरच्या चुकीची झळ दुसऱ्याच्या घरापर्यंत जात नाही. तुमची फर्म एलएलपी का होत नाही असं सरांना विचाराल, तर ‘बघू, मार्च जाऊ दे’ असं उत्तर येईल. मार्च जातो. मग बँक ऑडिट येतं.

पैसे

पार्टनरला पगार नसतो, मेहनताना असतो. आणि तो किती हे फर्मच्या मनापेक्षा आयकर कायद्यावर जास्त अवलंबून असतं. जुन्या कायद्याच्या ४०(बी) कलमात २०२४ साली झालेल्या बदलानुसार, फर्मच्या पहिल्या ६ लाख नफ्यावर ९० टक्के किंवा ३ लाख यांतली मोठी रक्कम आणि पुढच्या नफ्यावर ६० टक्के, एवढाच मेहनताना वजावटीला पात्र. तोही सगळ्या पार्टनरांचा मिळून. भांडवलावर व्याज १२ टक्क्यांपर्यंत. त्यातच एप्रिल २०२५पासून १९४टी आलं : पार्टनरला मेहनताना किंवा व्याज म्हणून वर्षाला २० हजारांवर रक्कम दिली की १० टक्के टीडीएस. सगळ्या क्लायंटांना फर्मनं त्याचं परिपत्रक वेळेत पाठवलं. स्वतःचा टीडीएस कापायचा राहिला, तो काकांच्या लक्षात आला.

पूर्वी पगार होता तेव्हा तो सात तारखेला यायचा. आता तुम्ही मालक आहात, तेव्हा आधी आर्टिकलचा स्टायपेंड, मग स्टाफ, मग भाडं, मग मोठ्या सरांचं ड्रॉइंग, आणि उरलं तर तुम्ही. शेटजींची थकलेली फी वसूल करायला सांगू नका. ती दिवाळीत काजूकतलीच्या डब्यासोबत येईल, बहुतेक वेळा फक्त डबा.

पार्टनरांची मीटिंग

महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी असते. विषयपत्रिका नसते. सर सुरुवात करतात : ‘‘तुम्हा सगळ्यांना विचारल्याशिवाय मी काही करत नाही.’’ यावरून ते केलेलं आहे हे ओळखा. नवं सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही यावर पाऊण तास चर्चा होईल, वामकुक्षीची वेळ झाली की एकमत होईल. मतदान होत नाही. ते झालं तर फर्म फुटते अशी सार्वत्रिक समजूत आहे.

आपल्याच फर्ममध्ये असं चालतं असं मानून खट्टू होऊ नका. ईवायच्या जागतिक नेतृत्वानं २०२२मध्ये ऑडिट एका बाजूला आणि सल्लागारी दुसऱ्या बाजूला अशा वाटण्या करायचं ठरवलं. प्रकल्पाचं नाव एव्हरेस्ट. जगभरातल्या सुमारे १३ हजार पार्टनरांचं देशवार मतदान व्हायचं होतं. ते होण्याआधीच, एप्रिल २०२३मध्ये, अमेरिकेतल्या फर्मच्या कार्यकारी समितीनं नको म्हटलं आणि सगळं तिथंच थांबलं. लंडनची मुख्य संस्था देशोदेशीच्या फर्मांची मालक नाहीच. ती नाव आणि नियम सांभाळते, फर्मा आपापल्या पार्टनरांच्या. भारतातही ईवायच्या जाळ्यातलं ऑडिट एस. आर. बाटलीबॉय या नावानं सही होतं. तेव्हा जागतिक अध्यक्ष कोणीही असो, सर्वांत मोठी कमाई ज्या पार्टनरांकडून येते ते हलले नाहीत तर तक्त्यावरचा बाणही हलत नाही. तिथं त्याला गव्हर्नन्स म्हणतात.

वारसा

सीए फर्मचा पार्टनर सामान्यतः सीएच असावा लागतो, ही तुमच्या भवितव्याची सर्वांत मोठी तटबंदी आहे. किराणा दुकान मुलाला देता येतं, फर्म देता येत नाही. त्याला आधी फायनलचे दोन्ही ग्रुप सुटावे लागतात. म्हणून फर्मची दीर्घकालीन रचना कळायची असेल तर सरांच्या चिरंजीवांच्या निकालाची तारीख लिहून ठेवा. २०२५पासून फायनल वर्षातून दोनदाऐवजी तीनदा होते, म्हणजे ही धाकधूकही आता तीनदा. निकाल लागला तर चिरंजीव ‘धाकटे सर’ होतील आणि कोपऱ्यातली केबिन, जिच्यात सध्या तुमची खुर्ची आहे, तिला रंग लागेल. नाही लागला, तर सर तुमच्याकडे पाहून म्हणतील, ‘‘तू काय, मुलासारखाच.’’ दोन्ही प्रसंगी चेहरा एकच ठेवा.

बाहेर पडणे

सगळं मुरल्यावर काहींना स्वतःची पाटी लावावीशी वाटते. भागीदारी कायद्याच्या कलम ३२प्रमाणे रीतसर निवृत्त व्हा, जाहीर सूचना द्या; ती दिली नाही तर बाहेरच्यांच्या लेखी तुम्ही पार्टनरच राहता. फर्मच्या रचनेतला बदल इन्स्टिट्यूटला फॉर्म १८नं ३० दिवसांत कळवा. जुन्या फर्मच्या क्लायंटांकडे काम मागायला जाता येत नाही. कलम ३६ तसं म्हणतं, आणि सीएला तर कोणाकडेच काम मागता येत नाही. पण नव्या ऑफिसात सत्यनारायण घालायला कोणत्याच कायद्याची आडकाठी नाही. प्रसाद घेऊन शेटजी थोडा वेळ बसतील, पंखा चांगला आहे म्हणतील, आणि निघताना फाइलचा विषय काढतील. हो म्हणण्याआधी जुन्या ऑडिटरला लेखी कळवणं बंधनकारक आहे, नाहीतर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा मामला होतो. पत्र पोचपावतीसह पाठवा, प्रत जपून ठेवा, आणि मायना ‘आदरणीय सर’ असाच राहू द्या.