फॉरवर्डशास्त्राचा परभणी जिल्ह्यातील विकास

स्थलांतराचे धोरण ठरवण्यासाठी इतर देशांना संसद, मंत्रालये आणि न्यायालये यांचा मोठा पसारा मांडावा लागला. परभणीने ते काम ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ एवढ्या एका ओळीत उरकले. कुठेच जमले नाही तर परभणी गाठावी, असा या म्हणीचा सरळ अर्थ असून अर्जाचा नमुना, शुल्क, चौकशी आणि प्रतीक्षायादी यांपैकी कशाचाही उल्लेख नसलेले इतके उदार धोरण अन्यत्र सापडणे कठीण आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे या जिल्ह्यात अभिमानाने म्हटले जाते, त्याचे एक कारण हेही असू शकेल. अलीकडे मात्र हे धोरण मोबाइलवर परस्पर रद्द करण्यात आले आहे. जिंतूरपासून सोनपेठपर्यंत ज्या ग्रुपांवर सकाळी सुविचार, दुपारी सोयाबीनचा भाव आणि रात्री वाढदिवसाचे केक येतात, त्याच ग्रुपांवर बाहेरून आलेले लोक, त्यांची वाढती संख्या आणि त्यांची गुन्हेगारी यांविषयी जी चर्चा चालते, तिला आता शास्त्राची प्रतिष्ठा लाभली असून तिला फॉरवर्डशास्त्र म्हणावयास हरकत नसावी.

या शास्त्रात ‘बाहेरचा’ ही संज्ञा मूलभूत मानली जाते आणि म्हणूनच तिची व्याख्या केली जात नाही. वाद सुरू होतो तेव्हा बाहेरचा म्हणजे बांगलादेशी घुसखोर असतो, मग त्या देशाची सीमा परभणीपासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर का असेना. दहाव्या संदेशापर्यंत तो फरशी बसवणारा राजस्थानी किंवा पाणीपुरी विकणारा उत्तर प्रदेशी होतो, विसाव्यापर्यंत शेजारच्या जिल्ह्यातून बदली होऊन आलेला तलाठी होतो, आणि चर्चा फारच रंगली तर ग्रुपचा ॲडमिनच मूळचा नांदेडचा असल्याचे कोणीतरी उघड करतो. भारतीय नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा आणि वस्ती करण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे, हा मुद्दा अशा वेळी एखादा निवृत्त शिक्षक मांडतो. त्याला उत्तर म्हणून अंगठ्याचे चिन्ह येते, जे संमतीचे असते की निरोपाचे, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

फॉरवर्डशास्त्राची खरी कामगिरी संख्याशास्त्रात आहे. गुन्ह्यांचा दर म्हणजे दर एक लाख लोकसंख्येमागे नोंदवलेले गुन्हे. म्हणजेच तो काढण्यासाठी वर एक अंश आणि खाली एक छेद लागतो. परभणी जिल्ह्याचा मोजलेला छेद २०११ च्या जनगणनेतला आहे, आणि त्यानुसार जिल्ह्यात १८,३६,०८६ माणसे होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, त्यामुळे मधल्या काळातील प्रत्येक दर हा ताज्या अंशाला अंदाजाच्या छेदाने भागून काढलेला असतो. बाहेरून आलेल्यांचा वेगळा दर काढायचा, तर आज जिल्ह्यात बाहेरचे किती आहेत हे आधी माहीत हवे, आणि ते कोणी मोजलेले नाही. सामान्य गणिती येथे हात टेकेल. फॉरवर्डशास्त्रात मात्र छेदावाचून भागाकार करण्याची रीत सिद्ध झाली असून तिचे उत्तर नेहमी टक्क्यांत येते आणि त्याखाली ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’ अशी तळटीप असते.

अंशाची कथाही कमी बोधप्रद नाही. एनसीआरबी या नावाने ओळखला जाणारा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग जे छापतो, ते घडलेले गुन्हे नसून पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे असतात, आणि या दोहोंतील अंतर ठाणे अंमलदाराच्या मनःस्थितीपासून वरच्या आदेशापर्यंत अनेक गोष्टींवर अवलंबून असते. लोकसेवकाने काढलेला आदेश मोडण्याबद्दल भारतीय दंड संहितेत कलम १८८ होते. त्याखाली २०१९ मध्ये देशभर २९,४६९ गुन्हे दाखल झाले होते आणि २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षी, ते ६,१२,१७९ झाले. घरात बसून राहिलेला देश एका वर्षात वीसपटीने बेफाम झाला, असा निष्कर्ष या आकड्यांतून काढता येतो. दूध आणायला बाहेर पडलेला मनुष्य आणि दरोडेखोर हे एकूण बेरजेत शेजारी-शेजारी बसतात, आणि ती बेरीज पुढे पाठवणाऱ्याला दुधाची पिशवी दिसत नाही.

आरोपी स्थानिक की स्थलांतरित, असा रकाना गुन्ह्यांच्या या अहवालात नसतो. तुरुंगांच्या वार्षिक अहवालात मात्र कैदी त्याच राज्याचा, परराज्याचा की परदेशी, हे दिलेले असते, आणि फॉरवर्डशास्त्राचा सर्वांत विद्वान संप्रदाय याच तक्त्यावर उभा आहे. ही मोजणी ३१ डिसेंबर या दिवशी आत असलेल्यांची असते, आणि भारतातील तुरुंगांत आत असलेल्या दर चौघांपैकी सुमारे तिघे हे न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे लोक, असतात. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार लागतो, जामीनदाराकडे सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो, आणि सातबारा असलेला मनुष्य ओळखीच्याच आरोपीसाठी कोर्टाची पायरी चढतो. एकाच भांडणात पकडलेल्या दोघांपैकी मानवतचा तरुण चुलत्याच्या सातबाऱ्यावर तिसऱ्या दिवशी घरी येतो. बाहेरगावच्याचा चुलता बाहेरगावी असल्याने तो ३१ डिसेंबरला आतच सापडतो आणि परराज्यातील कैद्यांच्या संख्येत एकाची भर पडते. चुलता नसणे हा भारतीय न्याय संहितेत अद्याप गुन्हा नाही; तक्त्यात मात्र तो मोजला जातो.

प्रतिपक्षही शास्त्रात मागे नाही. स्थलांतरित लोक स्थानिकांपेक्षा कमी गुन्हे करतात, असे त्याचे प्रतिपादन असून त्यासाठी अमेरिकेतील टेक्सास राज्याचा दाखला देण्यात येतो, जेथे अटक झालेल्याचा स्थलांतर दर्जा तपासून नोंदवला जातो आणि त्या नोंदींवरून असे निष्कर्ष खरोखरच निघाले आहेत. अशी तपासणी मानवत तालुक्यात होत नाही, हा तपशील वगळला की टेक्सासचा निष्कर्ष मानवतला तंतोतंत लागू पडतो. बेकायदा स्थलांतर मुळात होतच नाही, असेही या पक्षातील काही उत्साही मंडळी सांगतात, आणि बनावट कागदपत्रांची एखादी टोळी पकडली गेली की दोन दिवस फक्त सुविचार पाठवतात.

दोन्ही पक्षांची कसोटी ५ फेब्रुवारी २०२५ रोजी लागली. त्या दिवशी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना हातकड्या घालून अमृतसरला आणून सोडले आणि त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. घुसखोरांना दया दाखवू नये, या मताचे लोक त्या सायंकाळी मानवी प्रतिष्ठेविषयी लिहू लागले आणि सीमा ही माणसाने आखलेली रेघ आहे, असे मानणारे बेकायदा गेल्यावर दुसरे काय होणार, असे विचारू लागले. ही अदलाबदल पूर्ण व्हायला एक चहा पुरला.

बाहेरचा कोण, या प्रश्नावर परभणीत पूर्वी यापेक्षा नेमका विचार झालेला आहे, हे येथे नमूद करणे भाग आहे. जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना तेथे मुल्की म्हणजे राज्यातील रहिवासी आणि गैरमुल्की म्हणजे बाहेरचा, असा भेद होता व सरकारी नोकरी मुल्कीसाठी राखलेली होती. तथापि १५ वर्षे वास्तव्य करून परत न जाण्याचे शपथपत्र दिले की गैरमुल्कीचा मुल्की होत असे. रझाकारांच्या काळात याच मराठवाड्यातील लोकांनी हद्द ओलांडून वऱ्हाडात उमरखेडसारख्या ठिकाणी आसरा घेतला, तेव्हा वऱ्हाडच्या दृष्टीने परभणीकर हाच परराज्यातला होता. निजामाने १५ वर्षांत जी गोष्ट मान्य केली, ती मान्य करायला ग्रुपला तीन पिढ्या पुरत नाहीत.

अंमलबजावणी म्हणजे कायदा प्रत्यक्ष माणसावर लागू करणे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात कामाला असलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून थेट सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि त्या राज्याच्या सरकारने कागद दाखवल्यावर ते भारतीय असल्याचे आढळून त्यांना परत आणावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर स्पष्ट केले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी आपोआप नागरिक ठरत नाही. मग कशाने ठरतो, तर १९५५ च्या कायद्याने. आणि त्यानुसार १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याला स्वतःच्या जन्माबरोबर आईवडिलांच्या नागरिकत्वाचाही विचार करावा लागतो. विदेशी असल्याचा संशय आल्यास आपण तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने त्या माणसावरच टाकला होता आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही तो तेथेच ठेवला.

ग्रुप स्वतः अंमलबजावणी करतो तेव्हा हा कागदी व्यापही वाचतो. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश फिरत असताना १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे भिक्षेकरी होते. म्हणजे बाहेरचे खरेच, पण बहुतेक याच राज्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. राईनपाड्याच्या घटनेवर विनोद होत नाही.

जन्माच्या कागदाविषयी परभणीची जुनी वृत्ती काही वेगळीच होती, असे मानण्यास आधार आहे. १९९५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी नारायण सुर्वे होते, ज्यांना तान्हेपणी मुंबईत टाकून दिलेले होते आणि गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून वाढवले होते. जन्मस्थळ आणि जन्मदाते हे दोन्ही रकाने कोरे असलेल्या माणसाला येथे सर्वांत मोठी खुर्ची मिळाली आणि पोलीस अहवाल कोणी मागितला नाही. पुढे जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचे जन्मस्थान म्हणून परभणी जिल्ह्यातील पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपये देण्याचे जाहीर करताच १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. कागद नसलेला मनुष्य आमचाच, असे म्हणून दोन गावे हमरीतुमरीवर आल्याचे हे विरळा उदाहरण होय. एरवी तो तुमचा, असे म्हणण्याचीच चढाओढ असते.

आता मूळ कागदाकडे, म्हणजे जन्मदाखल्याकडे, वळता येईल. जन्माची नोंद २१ दिवसांत, आणि जेथे जन्म झाला त्याच ठिकाणी करायची, असा १९६९ च्या कायद्याचा दंडक आहे. वर्ष उलटल्यावर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे, तो अधिकार १ ऑक्टोबर २०२३ पासून कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला, आणि त्याच दिवसापासून पुढे जन्मणाऱ्यांना शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मदाखला अनिवार्य झाला. ज्या वस्तूवाचून अडू लागते ती मागायला रांग लागते, त्याप्रमाणे तहसीलवर रांगा लागल्या. माजी खासदार किरीट सोमय्या यांनी मालेगाव, अमरावती, अकोला येथील उशिराचे दाखले बांगलादेशी व रोहिंग्यांना दिल्याचा आरोप केला, मालेगावात महसूल अधिकारी निलंबित झाले, जानेवारी २०२५ मध्ये राज्याने असे दाखले थांबवून विशेष तपास पथक नेमले आणि मार्चमध्ये पोलीस अहवालासह कडक कार्यपद्धती आणली. खोटे कागद देणारे काही सापडले असतील, तर ते शोधणे शासनाचे कामच आहे. फॉरवर्डशास्त्राने मात्र काम सोपे केले आणि एकूण अर्जांचा आकडा हाच घुसखोरांचा आकडा धरला.

गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर आणि पुढे कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तेथील हिशेबाची रीत आहे. एखाद्या कोयत्याला सांगलीच्या फडावर कोपीत मूल झाले, तर २१ दिवसांत त्याची नोंद तेथील ग्रामपंचायतीत व्हायला हवी, आणि त्या २१ दिवसांत बाई बहुधा पुन्हा मोळ्या बांधू लागलेली असते. सहा वर्षांनी शाळेत नाव घालताना दाखला लागला की खरे ठिकाण लिहावे तर अर्ज सांगली जिल्ह्यात करायचा, आणि गंगाखेड लिहावे तर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा. तरी एखाद्याने धीर करून गंगाखेडला अर्ज केला आणि चौकशीला पोलीस डिसेंबरात गेले, तर घराला कुलूप असते, कारण गावचा निम्मा तांडा फडावर असतो. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही, असा शेरा मग रीतसर कागदावर येतो. पुढच्या तिमाहीत तो संशयास्पद अर्जांच्या बेरजेत मिळवला जातो आणि ती बेरीज पुन्हा ग्रुपवर येते.