दहा सूचक आणि एक अपक्ष

"ऐकलंस का गं? आमच्या नणंदेचा थोरला आमदारकीला उभा राहतोय. अपक्ष!"

2024 च्या ऑक्टोबरात काकी गडग्यापलीकडून बोलल्या आणि भाजणीचे तांदूळ निवडता निवडता माझा हात थांबला. "कोण, तो खानावळवाला? ग्रामपंचायतीला उभा राहा म्हटलं तेव्हा तर लाजला होता."

"लाजेलच. ग्रामपंचायतीला सगळं गाव त्याला ओळखतं. आमदारकीला रोह्याकडचेही मतदार आहेत, त्यांना काय ठाऊक?"

"पण तिकीट?"

"तिकीट लागतं कशाला? पंचवीस वर्षं पूर्ण हवीत, यादीत नाव हवं आणि दहा हजार अनामत. मी म्हटलं, बाबा रे, ती परत हवी तर पडलेल्या मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं लागतात. अलिबाग-मुरुड मिळून दोन लाख चाळीस हजार मतं पडली, तर चाळीस हजारांच्या वर! काशीदची घरं, घोडेवाले, टपरीवाले, सुरूत डबे सोडून बसलेले पर्यटक, सगळे धरले तरी पुरत नाहीत."

"पर्यटकांची मतं पुण्या-मुंबईत असतात, काकी."

"तेच सांगितलं त्याला. तर म्हणे, प्रश्न मतांचा नाही, पुलाचा आहे. 2021 च्या जुलैत आपल्या इथला पूल कोसळला, एक माणूस गेला, ते त्याच्या डोक्यातून जात नाही. वर निसर्ग वादळात सुरू आडवे झाले, शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्यांची रांग. पक्षवाले मतांपुरते साळावचा पूल ओलांडतात म्हणतो."

ते काही खोटं नाही. पण मला भलतीच शंका. "त्याला कुणी उभा केला नाही ना?" रायगडात अपक्ष म्हटला की आधी हे विचारून घ्यावं. 2014 च्या लोकसभेला सुनील तटकरे अनंत गीत्यांकडून अवघ्या 2,110 मतांनी पडले, आणि त्याच यंत्रावरचे दुसरे सुनील तटकरे, अपक्ष, 9,849 मतं घेऊन गेले. त्यांतली किती चुकून पडली ते मतदारालाच माहीत.

"आता यंत्रावर फोटो असतो म्हणा," मी म्हटलं.

"नखाएवढा. आणि माझा चष्मा बघ! पण याचं नाव कुणाशीच जुळत नाही गं. त्या बाबतीत पोर सरळ आहे. बंडखोरही नाही, कारण बंड करायला आधी पक्षात असावं लागतं."

बंडखोर अपक्षांची गोष्ट वेगळीच. उरणला महेश बालदी 2019 ला अपक्ष निवडून आले, पण माणूस भाजपचाच. युतीत जागा शिवसेनेकडे होती म्हणून अपक्ष. पाठीशी कार्यकर्ते, बूथवर पोरं. आपल्या अलिबागेतही दिलीप भोईर भाजपमधून बाहेर पडून अपक्ष लढणार अशी तेव्हा हवा होतीच. काकींच्या भाच्याला मात्र 1995 आठवतं. तेव्हा 45 अपक्ष निवडून आले आणि युतीच्या सरकारला त्यांचाच टेकू लागला. त्यांतले कितीतरी नाराज काँग्रेसवाले होते, हे तो सोयीने विसरतो.

"आणि मागे घेईल का?" मी हळूच विचारलं.

काकी गडग्यावर कोपर टेकून पुढे झुकल्या. "अर्जाचा शेवटचा दिवस 29 ऑक्टोबर, धनत्रयोदशी. मागे घ्यायची मुदत 4 नोव्हेंबर, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी. ओवाळणी घेऊन गप्प बसायला मधे अख्खी दिवाळी आहे की! पण याला ओवाळायला येतंय कोण? आधी अर्जच भरून होऊ दे."

"का, अडलं कुठे?"

"सूचकांत. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. दहाही याच मतदारसंघातले मतदार हवेत. एकजण म्हणाला, आमचं घर आजोबांपासून शेकापचं. दुसऱ्याच्या घरी दोन भाऊ दोन शिवसेनांत, तिसरी भानगड नको म्हणाला. तिसरा ठेकेदाराकडे कामाला. त्याने चहा पाजला, सही काही दिली नाही."

"आणि घरची?"

"बायकोने केली. पण आधी दहा हजार कुठून आणलेस ते वदवून घेतलं. वर बजावलं, निवडणुकीचं खातं बँकेत वेगळं काढायचं, भिशीला हात लावायचा नाही. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो म्हणे. मर्यादा चाळीस लाखांची! ती हसतच सुटली. खानावळीचा हिशेब तिला विचारल्याशिवाय जुळत नाही त्याचा."

"मग सह्या झाल्या किती?"

"नऊ."

एवढं बोलून काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझं नाव माहेरच्या यादीतून इकडे आणलंस ना गं?"

"आणलंय. देते सही, काकी. पण मताचं काही विचारायचं नाही."

"मताचं कोण विचारतंय? मी तरी कुठे ठरवलंय!" असं म्हणत त्यांनी पदराखालून कागद काढला आणि गडग्यावरून पुढे केला.