अण्णा, चालू स्थितीत

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला तीस अँटेना आहेत. अण्णांचा जीव मात्र नसलेल्या तिघींत अडकलेला. मधल्या चौकात सी-सहाच्या पाठोपाठ एकदम सी-आठ येते, पूर्वेच्या भुजेवर ई-एक नाही, दक्षिणेच्या भुजेवर एस-पाच नाही. नवा विद्यार्थी आला की अण्णा त्याला सी-सात शोधायला सांगतात. पोरगं नकाशावर बोट फिरवत बसतं आणि अण्णा चहाला जातात.

नाव कशाला घ्या. दुर्बिणीच्या आसपास आणि ती चालवणाऱ्या पुण्यातल्या एनसीआरए या संस्थेत मिळून असे अण्णा बरेच भेटतील. आपले हे मंचरकडचे. टोमॅटोच्या पिकअपवाल्यांना शिव्या देत नारायणगावपर्यंत येतात, खोडदचा फाटा धरला की शांत होतात, कारण पुढे दुर्बिणीपाशी मोबाइल बंद ठेवावा लागतो. घरून फोन येणार नाही या एका खात्रीवर आपली निम्मी नोकरी सुखात गेली, असं ते सांगतात. टाकून काही द्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या डिशा दुर्बिणीचे जनक गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांवरच्या जाळीने उभ्या केल्या. त्या काटकसरीची अण्णांनी दीक्षाच घेतली. दुर्बिणीने ती अभियांत्रिकीत वापरली, अण्णांनी कपाटात.

अण्णांचं कुलदैवत एप्स. दुर्बिणीने टिपलेल्या आकड्यांच्या ढिगातून आकाशाचं चित्र काढणारं हे सॉफ्टवेअर. १९७८ साली अमेरिकेत शार्लट्सव्हिलला त्याचं काम सुरू झालं. बहुतेक सगळं फोरट्रानमध्ये लिहिलेलं, फुकट, आणि कोणालाही आतून उघडून बघता येणारं. नाव उच्चारलं की इंग्रजीतली वानरं आठवतात, म्हणून त्याच्या मार्गदर्शिकेत खरोखरच केळ्यांच्या पाककृती छापलेल्या आहेत. अण्णांच्या स्पायरल बांधणीच्या प्रतीत समासात पेन्सिलीने शिकरण करायची कृती वाढवलेली आहे. "एवढं मोठं सॉफ्टवेअर लिहिलं, पण हे त्यांना सुचलं नाही," असं ते हळहळून म्हणतात.

एप्सचा एक स्वभाव आहे. सांगितलेलं काम संपलं की ते 'झालं' म्हणत नाही; यशस्वीपणे संपलेलं दिसतंय, एवढंच कळवतं. बिघडलं तर अनैसर्गिक कारणांनी मृत्यू आल्याचं सांगतं, तेही 'म्हणे'च्या सुरात. अण्णांची वाणी त्यावरच घडली. भाजी झाली का विचारलं तर "झालेली दिसते." मुलीचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांना म्हणाले, "जमल्यासारखं वाटतंय." व्याही दोन दिवस अस्वस्थ होते.

अशा माणसाच्या आयुष्यात एका सोमवारी लेबल आलं.

झालं इतकंच, की एका तरुण संशोधकाने सगळ्यांच्या वापरातलं एप्सच्या जुन्या स्क्रिप्टांचं फोल्डर आवरायला घेतलं. येता-जाता कोणीकोणी लिहिलेल्या, कोणीकोणी ठिगळं लावलेल्या त्या स्क्रिप्टा. त्याने सगळ्यांच्या डोक्यावर एक ओळ घातली : 'डेप्रिकेटेड. नव्या कामासाठी वापरू नये.' म्हणजे चालतं, पण यापुढे दुरुस्तीची हमी नाही आणि एक दिवस काढून टाकू. अण्णांनी ओळ वाचली, स्वतःची नाडी पाहिली, मग एक स्क्रिप्ट चालवून पाहिली. दोन्ही चालू होत्या.

दुपारी ते पोराच्या टेबलाशी उभे.

"हे चालत नाही का?"

"चालतं ना, अण्णा."

"मग?"

"सांभाळणार कोण?"

"मी काय करतोय इतकी वर्षं?"

पोरगं जरा थांबलं आणि धीर करून म्हणालं, "तुम्ही सांभाळता, अण्णा, पण डोक्यात. लिहून कुठेच काही नाही."

हे खरं होतं. दुर्बिणीचा डेटा एलटीए फाइलीत येतो. आधी लिस्टस्कॅन चालवायचं, मग जीव्हीफिट्सने रूपांतर करायचं. मधे नाव बदललं नाही तर फाइल 'टेस्ट' म्हणून बाहेर पडते. अण्णा नाव बदलत नाहीत. त्यांच्या डिस्कवर फोल्डर उघडावं तिथे टेस्ट आहे. कुठल्या टेस्टमध्ये कुठली दीर्घिका, हे त्यांना त्या रात्रीच्या पावसावरून आणि कॅन्टीनला काय होतं त्यावरून आठवतं.

पण बाजू त्यांनी जोरात मांडली. दीडशे मेगाहर्ट्झचं टीजीएसएस सर्वेक्षण याच दुर्बिणीचं. इंटेमा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं; नव्वद टक्के आकाश, सहा लाखांहून जास्त रेडिओस्रोत. ते ज्या 'स्पॅम' नावाच्या सॉफ्टवेअरने तयार झालं, त्याच्या पोटात एप्सच. "नव्वद टक्के आकाशाला लेबल लावतोस का?" पोराने सांगितलं, की स्पॅम पायथन दोनमध्ये लिहिलेलं आणि त्या पायथनची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद. "पायथनला विचारलंय कोण?" अण्णा म्हणाले आणि निघाले.

संध्याकाळी नारायणगावच्या टपरीवर त्यांनी हीच कैफियत एका गाडामालकापुढे ठेवली. बैलगाडा शर्यती २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. "मधली सात वर्षं घाट बंद होता. म्हणून तुम्ही बैल विकले का?"

"नाय बा. रोज खुराक चालू होता."

"बघा!"

"पण अण्णा, तवर बैल म्हातारा झालाच की. आता घाटात त्याचं वासरू पळतंय."

अण्णांनी चहाचे पैसे फक्त स्वतःचे दिले.

मला विचाराल तर लेबलात खोटं काही नव्हतं. जुन्या यंत्रणेत एका वेळी फार तर ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळे. अद्ययावत दुर्बिणीत तो ४०० पर्यंत गेला आहे. त्या डेटासाठी एनसीआरएतल्याच शास्त्रज्ञांनी 'कासा' या नव्या सॉफ्टवेअरवर 'कॅप्चर' हे साधन उभं केलं. आज शिकायला आलेल्या मुलीने अण्णांच्या पाच-पाच अक्षरांच्या आज्ञा का पाठ कराव्यात? माझी तक्रार निराळी आहे. लेबल लावायला एक ओळ पुरते. जुनं नीट लिहून काढायला एक अख्खा पावसाळा अण्णांशेजारी बसावं लागतं, त्यांची शिकरण खावी लागते. त्यामुळे लेबल लावणारे खूप असतात.

या पोराच्या बाबतीत एवढं मात्र मान्य केलं पाहिजे, की ते पावसाळ्यात आलं. अपग्रेडच्या कितीतरी आधीचं एक निरीक्षण संग्रहातून काढून अण्णांपुढे ठेवलं. अण्णांनी दार लावलं, पंखा वाढवला आणि आज्ञा अशा भराभर टंकल्या, की पोराला लिहून घेताच येईना. खराब डेटा कापला, पुन्हा कापला. बिबट्याच्या भीतीने बाकीचे अंधाराआधी घरी निघून गेले. रात्री चित्र उमटलं.

"बघ."

पोराने हळूच लॅपटॉप उघडला. नव्या साधनाने तेच चित्र त्याने आदल्या दिवशीच काढलं होतं. ताडून बघायला आला होता. दोन्ही चित्रं जुळवून एकातून दुसरं वजा केलं. उरला नुसता गोंगाट.

"म्हणजे दोन्ही बरोबर, अण्णा!"

अण्णांचा चेहरा पडला. बराच वेळ त्या गोंगाटात काही सापडतंय का ते बघत राहिले. "तुझंच काहीतरी चुकलेलं दिसतंय," ते म्हणाले. आणि मग एकदम सावरून, "एलटीए उघडलीस कशाने?"

"लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स. दुसरं आहे काय?"

"अस्सं. आणि फाइलचं नाव काय ठेवलंस?"

पोराने लॅपटॉप मिटला. "टेस्ट."