डेअर संत्रा, डी संत्रा, दस संत्रं

आमच्या शेंदूरजनाघाटात मूल दोन भाषांत रांगतं. घरात वऱ्हाडी, आणि पांढुर्णा-मुलताईचं गिऱ्हाईक संत्र्याच्या कलमा न्यायला आलं की हिंदी. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं. गिऱ्हाइकाला त्याचं काही नाही. शाळेत गेलो तर तिसरीच भाषा निघाली, पुस्तकातली मराठी. तिथं कलमेचा डोया एका दिवसात डोळा झाला.

एवढ्या तालमीवर पुण्यात जर्मनच्या वर्गात नाव घातलं. पहिल्याच दिवशी बाईंनी जर्मनमध्ये विचारलं, कुठून आलात? मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "जी, हम अमरावती साइड से."

वर्ग हसला. माझ्या डोक्यात खण दोनच. एक घरचा, दुसरा परक्या माणसाचा. जर्मन परकी म्हणून हात दुसऱ्या खणात जातो आणि तिथं हिंदी मांडी घालून बसलेली. कलमेचंही असंच. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. लक्ष हटलं की खालून खुंटच फुटतो आणि संत्र्याच्या जागी आंबट जंबेरी डोलू लागते.

पण इंग्रजी माध्यमवाल्यांचे हाल मी पाहिले. चोवीसला जर्मन माणूस 'चार आणि वीस' म्हणतो, यावर ते दोन तास खचले. आम्ही चोवीस म्हणतच मोठे झालो. 'गिफ्ट' म्हणजे विष, हे ऐकून एकीनं वही मिटली. मला नवल नाही. लहानपणी हिंदीच्या गुरुजींनी "चेष्टा करो" म्हटलं होतं, मी मनापासून केली आणि छडी खाल्ली. तेव्हापासून ओळखीच्या दिसणाऱ्या शब्दाला आधी लांबून नमस्कार. मुलगी नपुंसकलिंगी कशी, यावरही वर्गात वाद पेटला. आमच्या घरी ते पोट्टंच होतं.

शिवाय लीळाचरित्र जिथं लिहिलं गेलं ते रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यातलं, आणि चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे. दुसऱ्याच्या भाषेत शिरायची आमच्याकडे जुनी परवानगी आहे.

अडलो तो संत्र्यावर. वऱ्हाडात तो संत्रा. पुस्तकात ते संत्रं. आणि जर्मनमध्ये ती, डी मांडारीने! एवढंसं फळ, तिन्ही लिंगं फिरून आलं. रात्री बाबांना फोनवर सांगितलं.

"बाई झाली का? होऊ दे," बाबा म्हणाले. "तिकडं भाव कसा इचारतेत, थे सांग."

"वस कोस्टेट दस?"

"दस?" बाबांचा दुसरा खण खाडकन उघडला. "दस में नहीं परवडता, भाई. आगे चलो."